निवृत्तिकाळ आणि आटोपशीर घर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवरांचा परिचय होतो, वर्षाचा जमाखर्च वाचला जातो. परंतु ज्यांची नोकरी संपली आहे, किंवा दोनचार वर्षांत संपणार आहे, अशा मंडळींनी पुढे राहावे कोठे व कसे, या प्रश्नाचा विचार येथे क्वचितच होतो. विषय निवडण्याची मोकळीक अध्यक्षांनी दिली, म्हणून मी हाच विषय आपणांपुढे मांडीत आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत झालेली. माझ्या बोलण्यात विद्वत्ता आढळणार नाही. हिशेब मात्र आढळेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे : घर लहान करावयाचे असेल तर ते हातीपायी धड असताना, पतिपत्नी दोघे हयात असताना आणि निर्णय आपल्या हातात असताना करावे. पुढे तेच काम दुसरे कोणी तरी आपल्यासाठी करते, आणि तेव्हा आपले मत कोणी विचारीत नाही.

पहिली अडचण मनाची आहे. वाडवडिलांची वास्तू सोडणे म्हणजे कुळाला कमीपणा आणणे, अशी आपली समजूत आहे. या समजुतीची मी थट्टा करणार नाही. ज्या घरात आपला जन्म झाला त्याची ओढ कोणाला नसते? पण ज्या पूर्वजांचे नाव आपण घेतो, त्यांच्याच धर्मशास्त्राने चार आश्रम सांगितले आहेत. केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने कारभारातून अंग काढून घ्यावे असा त्यात संकेत आहे. अरण्यात जाणे आज कोणाला शक्य नाही. पण ओझे उतरविणे शक्य आहे, आणि त्यात कुळाचा अपमान नाही. महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्रामला राहावयास गेले तेव्हा त्यांची साठी कधीच उलटली होती. तेथील बापूकुटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एवढ्या लहानशा जागेतून केवढे व्यवहार चालले! आता, मातीच्या कुटीलाही डागडुजी लागते हे खरे. पण आश्रमात हात पुष्कळ होते. आपल्या घरात आता हात उरलेले नाहीत, हाच माझ्या बोलण्याचा मुद्दा आहे.

जुने घर दर वर्षी काय मागते ते पाहा. कोकणात जांभ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले किनाऱ्यावरील घराघरांवर चढली. ती टिकाऊ खरी, पण पावसाळ्यापूर्वी शाकारणी चुकत नाही. कौले काढून झाडावयाची, फुटकी बदलावयाची, रिपांना व वाशांना वाळवी लागली आहे काय ते पाहावयाचे, झड लागणाऱ्या भिंतींना झापांचा आडोसा करावयाचा. देशावर माळवदाचे घर असेल तर वर पांढरी माती टाकून चोपावयाची, उंदरांची बिळे बुजवावयाची, पन्हळी साफ करावयाच्या. शिवाय अशी जड घरे हे केवळ खर्चाचे ओझे नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची भारी छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली व हजारो लोक दगावले. हे आपल्या महाराष्ट्रातच घडलेले आहे.

ही सारी कामे पूर्वी होत असत, कारण घरात माणसे होती व गावात कारागीर होते. आमचेच उदाहरण सांगतो. आमचे घर सात खोल्यांचे. माझ्या लहानपणी त्यात अकरा माणसे नांदत. शेवटी आम्ही दोघे उरलो. सात भागिले दोन, म्हणजे माणशी साडेतीन खोल्या झाल्या. हे वैभव कागदावर दोघांचे होते. केरसुणी मात्र पत्नीच्या एकटीच्या हाती होती. घर मोठे असल्याचा अभिमान बहुधा पुरुष बाळगतात, आणि त्या अभिमानाची मजुरी स्त्रिया भरतात. तिचे गुडघे दुखू लागले तेव्हा हा हिशेब मला फळ्यावर लिहिल्यासारखा स्पष्ट दिसला. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. त्याच्या दोन वर्षे आधी आम्ही तालुक्याच्या गावी तळमजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात राहावयास गेलो.

नवीन घर पाहताना बैठकीच्या फरशीपेक्षा न्हाणीघराची फरशी आधी पाहावी. ती निसरडी नसावी. भिंतीला धरावयास दांडी बसविता यावी. शौचालय बसण्याच्या उंचीचे असावे. दारात उंच उंबरठा नसावा. तळमजला नसेल तर लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नये. वीज गेल्यावर ती चालते काय, हे विचारावे. दवाखाना, बाजार, देऊळ आणि वाचनालय पायी जाण्याच्या अंतरावर असावे. इमारत नवी असेल तर तिची महारेराकडे नोंद आहे काय ते पाहावे. हा कायदा मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आहे. जाहिरातीतील आकड्यावर न जाता चटईक्षेत्र विचारावे, कारण राहावयास तेवढेच मिळते. लहान घरालाही खर्च आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेची मासिक वर्गणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड हे सर्व निवृत्तिवेतनातून जावयाचे आहे. म्हणून निम्म्या वेतनात संसार चालवून पाहण्याचा प्रयोग नोकरीत असतानाच वर्षभर करावा. आणि शक्य तर विकत घेण्यापूर्वी त्या वस्तीत एक पावसाळा भाड्याने राहावे. गळती, डास, पाण्याची वेळ आणि शेजार, या चारही गोष्टी चार महिन्यांत कळतात.

मुलाच्या शहरात जावे काय, असे पुष्कळजण विचारतात. जावे, पण तेथे मुलाव्यतिरिक्त आणखी चार माणसे आपल्या ओळखीची होतील काय, याचा आधी विचार करावा. मुलाची बदली होते. आपली होत नाही.

यानंतर वस्तूंचा प्रश्न येतो. हंडे, कळश्या, घंगाळे, पितळी डबे, पाटा, उखळ, जाते, पंगतीचे चाळीस पाट, माळ्यावरच्या ट्रंका! हे सारे दोन खोल्यांत मावणे नाही. आम्ही असे केले की, जी वस्तू ज्याला हवी ती त्याला आपल्या हाताने दिली आणि तिची हकीकत सांगून दिली. कोणता हंडा आजीच्या माहेरचा, कोणते घंगाळ कोणाच्या लग्नातले, हे आपण असेपर्यंतच सांगता येते. नंतर ती वजनावर विकावयाची मोड ठरते. जाते कोणी नेले नाही. ते शाळेला दिले. आज मुलांना जाते दाखविण्यासाठी त्याचा उपयोग होतो. दारचा आंबा मात्र कोठेही नेता येत नाही. ते नुकसान मान्य करूनच निघावे लागते.

कुळाचाराचे काय, असा प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात असेल. देवांचे टाक व मूर्ती एका लहान देव्हाऱ्यात नीट राहतात. नवरात्राचा घट कोनाड्यात बसतो तसाच फळीवरही बसतो. गौरी-गणपती भावाभावांनी पाळीने करावे, किंवा ज्याचे घर मोठे त्याच्याकडे सर्वांनी जमावे व खर्च वाटून घ्यावा. देवाला खोल्या मोजावयाच्या नसतात.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, ती म्हणजे कागदपत्रे. वडिलोपार्जित घर विकण्यापूर्वी त्यात कोणाकोणाचा हक्क आहे ते पाहावे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. तरीही बहिणीला माहेरी बोलावून, जेवू घालून, एक लुगडे देऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल आपल्यात अजून आहे. बहीण नकार देत नाही, कारण तिला माहेर तुटण्याची भीती असते. या भीतीचा लाभ आपण घ्यावा काय? आमच्या घराच्या रकमेचे आम्ही दोघे भाऊ आणि बहीण यांच्यात तीन सारखे वाटे केले. बहीण प्रथम नको म्हणाली. नंतर त्या पैशांतून तिने आपल्या नावाने ठेव ठेवली. ती अजूनही भाऊबीजेला येते.

नवे घर पतिपत्नी दोघांच्या नावे घ्यावे. नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले असे समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती तेवढ्याने मालक होत नाही, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे ठरते. म्हणून मृत्युपत्र करावे. त्याला दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि हयातीत राहते घर कोणाच्याही नावे करून देऊ नये. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातील अप्पासाहेब बेलवलकर प्रेमाच्या भरात सर्वस्व मुलांना देऊन टाकतात आणि शेवटी निराधार होतात. तरीही घर द्यावयाचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील तेविसाव्या कलमाप्रमाणे, अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. अट नुसती तोंडी राहिली, तर ती सिद्ध करताना वृद्ध माणसाची दमछाक होते. मुलांवर अविश्वास दाखवा असे मी सांगत नाही. स्वच्छ कागद असला म्हणजे मुलांनाही एकमेकांवर संशय घ्यावा लागत नाही.

शेवटी मंडळाला दोन सूचना करतो. पहिली, आपल्यातील वकील, अभियंते व बँकेतील निवृत्त बांधवांची एक लहान समिती नेमावी. घर बदलू इच्छिणाऱ्या वृद्धांची कागदपत्रे तिने विनामूल्य पाहून द्यावीत. दुसरी, जे मोठ्या घरांत एकटे राहिले आहेत, त्यांची यादी करून महिन्यातून एकदा कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन यावे. त्यांत बहुसंख्य भगिनीच असतील, हे यादी केल्यावर आपणांस दिसून येईल. माझ्या पाहण्यातील एक वृद्ध भगिनी नऊ खोल्यांच्या घरात एकट्या राहत. आठ खोल्यांना कुलूप होते आणि स्वयंपाकघरात त्यांची खाट होती. घर विकावे असे त्यांच्या मनात होते. पण सह्या करावयाचे सात भागीदार सात गावी होते, आणि त्यांना एकत्र आणणारे कोणी नव्हते. असे काम मंडळाने करावयाचे नाही, तर कोणी करावयाचे?