खानवेल ते सिल्वासा

स्किझोफ्रेनियावरची जुनी, खात्रीची औषधं स्वस्त आहेत. महाग पडते ती वाट. खानवेलहून सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात यायचं, तर रुग्णाची आणि सोबतच्या माणसाचीही दिवसाची मजुरी बुडते. मग गोळ्या सुटतात, आजार उलटतो.

गोवा, सातारा आणि तमिळनाडूतल्या स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यातल्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड दिली, तेव्हा वर्षभरात लक्षणं आणि परावलंबन थोडं अधिक कमी झालं. कार्यकर्त्याचं मानधन हा जादा खर्च, हे खरं; पण घरातला कमावता हात बसून राहतो, तो तोटाही हिशोबात धरायलाच हवा.

घरात कुणाला भास होत असतील, तर भगताकडे जात असाल तरी दवाखाना चुकवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास.