अकरावीचा अर्ज कोण भरतं?

(कॉटन ग्रीन परिसरातली महिला मंडळं आणि बचत गट यांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



बैठकीचा विषय ठरला तेव्हा दोघी-तिघींनी विचारलं, की कॉलेजच्या अर्जाची तयारी हा आपल्या संघटनेचा विषय कसा? तो शाळेचा, नाहीतर क्लासवाल्यांचा विषय. आपण मारहाण, हुंडा, पोटगी, रेशन हे प्रश्न घेतो. मला वाटतं, हा त्यांच्याच माळेतला प्रश्न आहे. पोटगीसाठी आलेल्या बाईला आपण विचारतो, शिक्षण किती? ती सांगते, दहावीनंतर सुटलं. का सुटलं म्हणून विचारलं, तर पुष्कळदा कळतं की घरातून सरळ बंदी कुणीच घातलेली नव्हती. दाखला वेळेत मिळाला नाही, हवं ते कॉलेज लागलं नाही, वर्ष वाया गेलं, आणि मग स्थळ आलं. म्हणजे मुलीचं शिक्षण अडवायला दर वेळी कुणी दारात उभं राहावं लागत नाही. ते एका अर्जातसुद्धा अडतं. तेव्हा हा अर्ज कोण भरतं, कधी भरतं आणि त्यात काय भरतं, याकडे आपण बायकांनी लक्ष घातलं पाहिजे.

आपल्याच भागाचं बघा. कापसाच्या व्यापारावरून आणि गोदामांवरून याला नाव पडलं. पलीकडे बंदर, अलीकडे काळाचौकी, लालबाग, परळच्या गिरण्या. गिरण्यांत वाइंडिंग, रीलिंग खात्यांत बायका होत्या. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांच्यातच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर इथलं कायम नोकरीचं जग मोडत गेलं. बापाच्या जागी मुलगा गिरणीत चिकटायचा, ती वाट बंद झाली. मुलींसाठी तर ती वाट फारशी नव्हतीच. आज गिरण्यांच्या जागी टॉवर आणि ऑफिसं उभी आहेत. तिथे झाडूपोछ्याच्या पलीकडचं काम हवं असेल तर निदान बारावी, पदवी, नाहीतर एखादा डिप्लोमा लागतो. म्हणून दहावीनंतरचा अर्ज हा आपल्या मुलींच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

हा अर्ज चालतो कसा, ते आधी समजून घेऊ. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत आणि २०२५ पासून सगळ्या राज्याला तीच पद्धत लागू झाली. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात नाव, गुण, प्रवर्ग, आरक्षण. दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम; २०२५ मध्ये दहा कॉलेजांपर्यंत नावं देता येत होती. मग गुणवत्तेच्या क्रमाने एकेकीची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे पहिल्यांदा जागा मिळेल ते कॉलेज तिला लागतं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या प्रत्येक आईला ठाऊक हव्यात. पहिली, अवघड वाटणारं कॉलेज सगळ्यात वर लिहिल्याने काहीही नुकसान होत नाही. ते नाही मिळालं तर यंत्रणा दुसऱ्या नावाकडे जाते. 'मोठं नाव टाकलं म्हणून छोटंही गेलं' असं होत नाही. दुसरी, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं आणि थेट सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट बघत बसावं लागतं. खालच्या पसंतीचं लागलं तर मात्र पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. म्हणजे सगळा जोर त्या पहिल्या नावावर आहे.

आता ते पहिलं नाव कोण ठरवतं? मे-जूनमध्ये मुलींना अर्ज भरायला मदत करायला मी बसते. मुलगी येते, सोबत भाऊ किंवा मामा असतो. किंवा घरच्यांनी सायबरवाल्याकडे आधीच अर्ज टाकून दिलेला असतो. अर्जात मोबाइल नंबर भावाचा, पासवर्ड सायबरवाल्याच्या वहीत. ओटीपी आला तर तो भावाच्या फोनवर येतो. मुलीला विचारलं, की पहिलं कॉलेज कुठलं टाकलंय, तर ती भावाकडे बघते. यादी बघितली की घरातला विचार दिसतो. पहिलं, चालत जाता येईल असं. दुसरं, फक्त मुलींचं. तिसरं, जिथे चुलतभाऊ शिकतो, म्हणजे लक्ष राहील. गुण पंच्याऐंशी टक्के, पण माटुंग्याच्या कॉलेजचं नाव यादीत कुठेच नाही. कॉटन ग्रीनहून वडाळा हार्बरने दुसरं स्टेशन. मुलगा असता तर अंधेरीपर्यंत पाठवला असता.

शाखेचंही तसंच. 'मुलीला कशाला सायन्स, क्लासचा खर्च' म्हणून कला किंवा वाणिज्य. सायन्सला गेली तर गणित सोडून नुसतं जीवशास्त्र. वाणिज्यला गेली तर गणिताऐवजी एसपी. यातलं काहीही मुलीला मनापासून हवं असेल तर जरूर घ्यावं. पण बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, हे तिला निवड करण्याआधी सांगितलेलं असलं पाहिजे. न सांगता घेतलेल्या निर्णयाला तिचा निर्णय म्हणता येणार नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की अर्ज मुलीने स्वतः भरायचा. फोन नंबर तिचा, नाहीतर आईचा. पासवर्ड तिच्या वहीत. पसंतीक्रमाची यादी तिने आधी कागदावर लिहायची आणि प्रत्येक नावापुढे लिहायचं: गेल्या वर्षी तिथे प्रवेश किती टक्क्यांवर थांबला, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, फी किती, जायला किती वेळ. मग घरात बसून बोलायचं. घरच्यांशी वाद होईल, होऊ द्या. हातात असा कागद असला की मुलगी नुसती रडत नाही, मुद्दा मांडते.

या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगते. आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी पहिली पत्रं लिहिली ती गोपाळरावांनी, १८७८ साली कोल्हापुराहून. बायकोच्या वतीने नवऱ्याने. पण जून १८८३ मध्ये, अमेरिकेत उतरल्यावर, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठी पत्र गेलं ते आनंदीबाईंचं स्वतःचं. वय अठरा. कॉलेजच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी त्यात लपवलं नाही. आपण कुठून, कसल्या विरोधाला तोंड देऊन आणि कशासाठी आलो, ते सांगितलं आणि प्रवेश मागितला. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपल्या मुलींनाही पुढे शिष्यवृत्तीसाठी, एखाद्या संस्थेच्या प्रवेशासाठी स्वतःबद्दल लिहावं लागतं, मुलाखतीत बोलावं लागतं. तेव्हा 'मी लहानपणापासून हुशार आहे' असलं ठोकळेबाज लिहून चालत नाही. पहाटे पाणी भरून, धाकट्याला शाळेत सोडून, खानावळीच्या पोळ्या लाटून अभ्यास केला असेल, तर ते लिहायचं. ते दुखणं म्हणून मांडायचं नाही, केलेलं काम म्हणून मांडायचं. आपल्या मंडळात नववी-दहावीच्या मुलींना महिन्यातून एकदा बसवून एक पान लिहून घेतलं तरी ही सवय लागेल.

दुसरी गोष्ट कागदांची. हे काम निकालानंतर सुरू केलं तर हमखास उशीर होतो; ते आठवी-नववीतच हाती घ्यायला हवं. आठवीत असताना एनएमएमएसची परीक्षा असते. सरकारी, अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलामुलींसाठी. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडून ठेवा. शिष्यवृत्ती तिथेच येते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि जातीचा दाखला नववीच्या सुट्टीत काढा. नॉन-क्रिमीलेअरला मुदत असते, तिची तारीख बघून ठेवा. आरक्षित प्रवर्गातली मुलगी विज्ञान शाखेला गेली, तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत बारावी संपायच्या आत करा. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एक आहे ना, ते तपासा. आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, यात आठवडेच्या आठवडे जातात.

जातीच्या दाखल्याशी येऊन एकट्या बायकांची गाडी अडते. पूर्वज महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. हा पुरावा मागतात बापाकडचा. आजोबांचा शाळेचा दाखला, चुलत्याची पडताळणी. ज्या बाईला नवऱ्याने टाकली, ती सासरच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? गेली तरी कागद देतील याची खात्री काय? मुलीला तिने एकटीने वाढवलं, आणि मुलीच्या पुढच्या वाटेचा कागद मात्र त्याच घरच्या पेटीत. मग मुलगी खुल्या प्रवर्गातून अर्ज भरते, जास्त फी भरते किंवा घरी बसते.

आईचा हक्क कायद्याने काही प्रमाणात मान्य झालेला आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात सांगितलं, की बाप जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते. २०१२ मध्ये आंतरजातीय विवाहाच्या एका खटल्यात सांगितलं, की मुलांची जात बापाचीच हे आपोआप धरता येणार नाही. मूल आईच्या समाजात वाढलं असेल तर ते बघावं लागेल. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या नावाआधी येतं. हे चांगलंच झालं. पण नाव आलं म्हणून आईकडचे कागद खिडकीवर चालू लागले असं झालेलं नाही. परित्यक्तांच्या चळवळीने स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं होतं. हा त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे.

मुलींनी अर्ज करावा म्हणून सोयी आहेत, त्याही वस्तीत पोहोचलेल्या नाहीत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'इंजिनिअरिंग आपल्याला झेपायचं नाही' म्हणणाऱ्या किती आयांना हे माहीत आहे? आणि जिची शाळा आधीच सुटली, तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तिलाही या यादीतून वगळू नका.

आता आपण काय करायचं ते ठरवू. एक, प्रत्येक मंडळाने आपल्या चाळीतल्या, वस्तीतल्या आठवी ते दहावीच्या मुलींची यादी करायची आणि दिवाळीच्या सुट्टीत एकेकीचे कागद तपासायचे. दोन, निकालाच्या आठवड्यात मंडळाच्या खोलीत अर्ज भरण्याचं केंद्र चालवायचं. बारावी झालेल्या मुलींनी दहावीच्या मुलींना मदत करायची, पण बटण जिचा अर्ज तिनेच दाबायचं. तीन, एकट्या आयांच्या अडलेल्या दाखल्यांची प्रकरणं एकत्र करायची. एकेकीने गेलं तर 'उद्या या' म्हणतात. वीस जणींच्या अर्जांची फाइल घेऊन आपण फोर्टला जिल्हाधिकारी कचेरीत जाऊ आणि मागणी करू, की बाप कागद देत नसेल तिथे कार्यालयाने स्वतः गावच्या दप्तरातून, शाळेतून पुरावा मागवावा आणि आईकडचा पुरावा विचारात घ्यावा.

यादीचं काम आजच वाटून घेऊ. अभ्युदयनगर कोण घेतं, घोडपदेव कोण, शिवडी कोण, ते सांगा आणि इथे वहीत नावं लिहा. मी थांबते.