आईच्या गटाची वही आणि कर्जात लपलेले सोळाशे रुपये

नागपुरातून मी बोलतेय. आजचा विषय ऐकून पुढचा भाग लावू नका. विषय आहे स्प्रेडशीट. हो, तेच चौकोनाचौकोनाचं, जे बघून आपल्याला ऑफिस आठवतं. पण याचा संबंध आपल्या आई-मावशीच्या पैशाशी आहे, म्हणून पाच मिनिटं द्या.

आधी सांगा, ‘डिजिटल कौशल्य’ म्हणजे काय? रील बघणं, फोटो पाठवणं, यूपीआयने भाजीवाल्याला पैसे देणं? संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी देशोदेशी हे कौशल्य मोजतात, तेव्हा प्रश्न वेगळेच असतात. फाइल इकडून तिकडे हलवता येते का? ईमेलला फाइल जोडता येते का? आणि स्प्रेडशीटमध्ये साधं गणिती सूत्र वापरता येतं का?

इथंच बायका मागे पडतात, आणि फक्त आपल्याच देशात नाही. युनेस्कोच्या २०१९ च्या एका अहवालानुसार, साध्या कामासाठी डिजिटल तंत्र वापरता येण्याची शक्यता जगभरात बायकांमध्ये पुरुषांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आहे. आपल्याकडे तर सुरुवातच अलीकडची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका निघाल्या ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के.

काऊन असं? डोकं नाही म्हणून? अजिबात नाही. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. आपल्या कितीतरी ताया-वहिन्यांनी तो कोर्स केलाय, त्यात एक्सेलही शिकल्यात. पण सर्टिफिकेट फाइलमध्ये गेलं आणि घरी ना कॉम्प्युटर होता, ना त्यावर करायचा स्वतःचा हिशेब. हात बसलाच नाही. सायकल शिकून दहा वर्षं सायकलच मिळाली नाही, तर काय होणार?

आता दुसरी बाजू बघा. बचत गटाची वही कधी उघडून पाहिलीय? डावीकडे सदस्यांची नावं, वर महिने, मधल्या चौकोनात रक्कम. अहो, हेच तर स्प्रेडशीट! कॉम्प्युटरच्या आधी हिशेबनीस ज्या मोठ्या रकान्यांच्या कागदावर लिहायचे, त्यालाच स्प्रेडशीट म्हणायचे. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ आलं आणि तो कागद पडद्यावर गेला. म्हणजे ज्या बाईला गटाची वही लिहिता येते, तिला अर्धं आधीच येतं. राहिलं काय, तर बरोबरचं चिन्ह.

आमच्या मोहल्ल्यातल्या गटात पंधरा जणी आहेत, महिन्याला दोनशे रुपये प्रत्येकी. मी आईच्या फोनवर गूगल शीट्स उघडून दिलं. नावं तिनंच भरली, मराठीत. मग एका रिकाम्या चौकोनात बरोबरचं चिन्ह, त्यापुढे ‘सम’, कंसात पहिला चौकोन ते शेवटचा. तीन हजार आले. एकीचे दोनशेचे शंभर केले, तर बेरीज आपोआप दोन हजार नऊशे. आई म्हणाली, “म्हणजे खोडाखोड नाही ना बाप्पा!”

आता त्या सोळाशे रुपयांकडे येऊ. गटातल्या एका काकूंना एका ठिकाणाहून तीस हजारांचं कर्ज मिळत होतं. बारा महिने, वर्षाला बारा टक्के. हप्ता सांगितला २,८०० रुपये. ऐकायला ठीकच वाटतं. पण त्यात व्याज पूर्ण तीस हजारांवर वर्षभर लावलं होतं, म्हणजे ३,६०० रुपये. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, तरी व्याज तेवढंच. याला फ्लॅट दर म्हणतात.

शीटमध्ये ‘पीएमटी’ नावाचं सूत्र आहे. त्यात तीन गोष्टी टाकायच्या: महिन्याचा दर एक टक्का, हप्ते बारा, रक्कम तीस हजार. उत्तर वजा चिन्हासह येतं, कारण ते पैसे आपण देणार असतो, घाबरायचं नाही. उरलेल्या मुद्दलावर बारा टक्के धरले, तर हप्ता येतो साधारण २,६६५ आणि वर्षाचं व्याज सुमारे १,९८५. फरक सोळाशेच्या वर! उलट मोजलं, तर त्या ‘बारा टक्के फ्लॅट’चा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

काकूंनी फोन पुढं केला आणि विचारलं, “हा दर फ्लॅट आहे की उरलेल्या रकमेवर?” समोरचा माणूस जरा थांबला. माझ्या मते डिजिटल कौशल्य म्हणजे हा प्रश्न विचारता येणं. आणि हेही लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज देणाऱ्यानं व्याज आणि सगळे खर्च दाखवणारं माहितीपत्रक द्यायलाच हवं. ते मागून घ्या, आणि त्यातले आकडे स्वतः शीटमध्ये टाकून बघा.

तुमच्यासाठी एकच काम. या रविवारी आईचा फोन आईच्याच हातात ठेवा. तुम्ही टाइप करू नका, फक्त बाजूला बसा. किराणा, दुधाचा हिशेब, गट, काहीही चालेल. चुकू द्या, पुन्हा करू द्या. “दे इकडे, मी करून देतो” हे वाक्य तेवढं गिळा. कारण घरातला हिशेब ज्याच्या फोनवर असतो, पैशाचा शब्दही बहुतेक त्याचाच चालतो.

तुमच्या घरी पहिली शीट कशाची झाली, ते व्हॉइस नोटवर कळवा. जमलं तर आईच्याच आवाजात. भेटू पुढच्या भागात!