माहितीचा अधिकार आणि माणसाचे खाजगीपण

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत व्यवहाराचे एक शहाणपण आहे. माणसाचे आजारपण, त्याचे कर्ज, त्याच्या घरातील कलह या गोष्टी त्याच्या स्वतःच्या असतात; त्यांत डोकावण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, तसा तो सरकारलाही नाही. परंतु हेच शहाणपण सरकारी तिजोरीला लावले, तर मात्र अनर्थ ओढवतो. लोकांचा पैसा ज्या मुठीत आहे, ती मूठ लोकांना उघडून पाहता आलीच पाहिजे. ही दोन्ही तत्त्वे सहसा कोणी नाकारीत नाही. अडचण येते ती एकाच कागदावर दोहोंची गाठ पडते तेव्हा. कारण सरकारी पैसा अखेर कोणाच्या तरी नावानेच खर्ची पडत असतो.

या दृष्टीने राजस्थानातील अनुभव बोलका आहे. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली. पुढे अशा सुनावण्यांतून सार्वजनिक कामांचे हजेरीपट गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचले जाऊ लागले. कामावर कधीच न गेलेल्यांच्या, इतकेच नव्हे तर मृतांच्याही नावांवर मजुरी उचललेली आढळली. कागदावरची बेरीज बिनचूक असू शकते. खोटी असतात ती नावे. आणि नावांचा हा खोटेपणा कचेरीत बसलेल्या हिशेबतपासनिसाला नव्हे, तर त्या गावात राहणाऱ्यालाच ओळखता येतो. नावे झाकली असती, तर चोरीही झाकलीच राहिली असती.

याच चळवळीने १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरले. गोवा व तामिळनाडू या राज्यांनी १९९७ मध्ये माहितीविषयक कायदे केले, महाराष्ट्राचा कायदा २००२ मध्ये आला, आणि २००५ मध्ये संसदेने केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम संमत केला.

या अधिनियमाला खाजगीपणाचा विसर पडला होता, असे मुळीच नाही. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने व्यक्तीच्या खाजगी जीवनावर अकारण आक्रमण होईल, ती देण्याचे बंधन आठव्या कलमाने घातले नव्हते. मात्र व्यापक लोकहिताची तशी मागणी असेल, तर तीही देता येत असे. म्हणजे निषेध आणि त्याचा तराजू ही दोन्ही एकाच खंडात एकत्र नांदत होती.

पुढे काळ पालटला. पूर्वी कपाटात पडून राहणारे कागद संगणकात आले. हजारो माणसांची नावे, पत्ते व खाते क्रमांक क्षणार्धात एकत्र करणे शक्य झाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. माणसाच्या माहितीचे रक्षण करणारा कायदा हवा, ही गरज खरीच होती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनेही २०१८ मध्ये त्याचा मसुदा देताना आठव्या कलमात बदल सुचविला. परंतु व्यक्तीला होणारी हानी आणि लोकहित यांची तुलना तिने कायम ठेवली होती.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने मात्र वेगळा मार्ग धरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या त्यातील दुरुस्तीमुळे आठव्या कलमातील त्या खंडाच्या जागी एवढेच उरले की, वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही. यावर सरकारपक्षाचे म्हणणे असे की, लोकहित हानीहून मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आजही आहे. हे म्हणणे खोटे नाही. पण पुरेसेही नाही. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंधित माहितीला हा अपवाद सहसा लागूच होत नसे. आता प्रारंभ नकाराने होऊ शकतो, आणि लोकहित पटवून देण्याचा भार दहा रुपयांचा अर्ज करणाऱ्या नागरिकावर येऊन पडतो.

वस्तुतः दोन्ही अधिकार एकाच वेळी राखता येतात. निवडणूक रोख्यांच्या प्रकरणात १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देणगीदाराचे खाजगीपण आणि मतदाराचा माहितीचा अधिकार ही दोन्ही पारडी तोलूनच ती योजना रद्द ठरविली. २००५ च्या अधिनियमातील दहावे कलमही येथे साहाय्यास येते. कागदातील न देण्याजोगा भाग वगळून उरलेला भाग द्यावा, अशी सोय त्यात आहे. हजेरीपटावरील खाते क्रमांक, आधार क्रमांक व दूरध्वनी क्रमांक खुशाल झाकावेत; परंतु नाव, गाव, कामाचे दिवस व दिलेली मजुरी उघडी असावी. शिवाय त्रयस्थ व्यक्तीने विश्वासाने दिलेली माहिती उघड करण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे अकरावे कलम सांगते.

खाजगीपण ही दुर्बळाची ढाल आहे. रुग्णाला, निराधार स्त्रीला, कर्जबाजारी शेतकऱ्याला ती मिळालीच पाहिजे. परंतु तीच ढाल सत्ताधाऱ्याच्या हाती गेली, म्हणजे तिच्याआड माणूस लपत नाही, कारभार लपतो. म्हणून माहिती अधिकाऱ्याने अर्ज हाती घेताना, कागदावर नाव आहे की नाही एवढेच पाहून भागणार नाही. ती माहिती त्या माणसाच्या घरची आहे की त्याच्या अधिकारपदाची, हे त्याने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. तो कष्टाचा विवेक टाळला, तर ज्याच्या नावावर दुसऱ्याने मजुरी उचलली, त्या मजुरालाच आपले नाव कोठे वापरले गेले हे कधी कळणार नाही.