देव कसा आहे?

(मदतनिधीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

नमस्कार मंडळी.

‘मंडळी’ म्हटलं की मला दोन अर्थ ऐकू येतात. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. इमारत नव्हे बरं का, जमलेली माणसं. लहानपणी आई म्हणायची, ‘मंडळीत जाऊन ये’, म्हणजे रविवारच्या उपासनेला जाऊन ये. तेव्हा समोर एवढी माणसं बघून मला आज थोडं घरच्यासारखं वाटतंय.

विषय मी निवडलेला नाही. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी आपल्यातल्याच एका काकांनी मला विचारलं, ‘‘ताई, तुम्ही मराठी, आडनाव मराठी, चकली आमच्याकडच्यापेक्षा खुसखुशीत. मग तुमचा देव नक्की कोण? एक का तीन? आणि आहे असं मानता तरी कशावरून?’’ मी हसून वेळ मारून नेली. पण आपल्या सेक्रेटरीबाईंचे कान तिखट! त्यांनी माझं नाव वक्त्यांत घालून टाकलं.

आपल्या यिशुनमध्ये दारुल मकमूर मशीद आहे, बालसुब्रमण्यमचं देऊळ आहे, ‘अवर लेडी स्टार ऑफ द सी’ हे कॅथलिक चर्च आहे. एका लिफ्टमधून आपण चार धर्मांची माणसं रोज वरखाली करतो, पण तुझा देव कसा आहे असं एकमेकांना विचारत नाही. संकोच वाटतो. काकांनी विचारलं याचा म्हणूनच मला आनंद झाला.

आधी ‘एक का तीन’ उरकून घेते. देव एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत. इ. स. ३२५ मध्ये निकिया इथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे धर्मसभा भरल्या, कडाक्याचे वाद झाले आणि त्रैक्याची शिकवण शब्दांत बसवली गेली. मला स्वतःला त्यातलं एकच स्पष्टीकरण थोडंफार उमगतं. बाराव्या शतकातल्या सेंट व्हिक्टरच्या रिचर्डने ते मांडलंय. देव म्हणजे प्रेम असं म्हणायचं, तर जग निर्माण व्हायच्या आधी तो प्रेम कुणावर करत होता? एकट्याने प्रेम होत नाही. म्हणजे देवाच्या एकपणातच नातं असलं पाहिजे. पटलं नाही तरी हरकत नाही. तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या बाईला ते पटकन पटलं नव्हतं.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. पुराणं मुखोद्गत असलेली ही मुलगी. दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली, भावाबरोबर हिने पायी देश पालथा घातला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी वाद घालायला सुरुवात केली. त्रैक्यावर वाद, येशूच्या देवत्वावर वाद. एका पुरोहितवर्गाचं जोखड फेकलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं तिने स्पष्ट लिहून कळवलं. मला ती फार आवडते ती यासाठी. विश्वास ठेवला म्हणजे डोकं गहाण ठेवलं असं नाही.

मग वाद घालणारी ही विदुषी ख्रिस्ती झाली कशाने? १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत ती सांगते की लंडनजवळ फुलहमला त्या भगिनींचं एक आश्रयगृह होतं. समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत. असं तिने आपल्याकडे कुठे पाहिलं नव्हतं. तिने कारण विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीची गोष्ट.

ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. भर दुपारी येशू दमून एका विहिरीपाशी बसला आहे. एक बाई पाण्याला येते, शोमरोनी जमातीची. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. शिवाय ह्या बाईचे पाच नवरे होऊन गेलेले आणि आता आहे तो नवरा नव्हे. तिला येशू म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चकित होते: तुम्ही यहुदी, आणि माझ्याकडे पाणी मागता? आणि मग देवाची उपासना कुठे करावी, कशी करावी ह्यावरचं मोठं बोलणं येशू तिच्याशी करतो. शिष्य परत येतात ते बघतच राहतात.

रमाबाईंनी त्यात ती बाई पाहिली. आमच्या घरात मात्र हीच गोष्ट पाण्यासाठी सांगितली जाते.

माझी पणजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, महारवाड्यातली. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून ओतलं तर घडा भरायचा, नाहीतर उन्हात बसून राहायचं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून होतं, त्यांचे मास्तर खेड्यात यायचे. एकदा मास्तरांनी झाडाखाली बसून शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. पणजीने मागून विचारलं, ‘‘मास्तर, मग त्यो तिच्या हातचं पानी प्याला का?’’

मास्तरांनी पुस्तक उघडून पाहिलं. मंडळी, तुम्हीही घरी जाऊन पाहा. ते लिहिलेलंच नाही! ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावते, पुढे पाण्याचा उल्लेख नाही. मास्तर पूर्वाश्रमीचे ब्राह्मण होते असं आजी सांगायची. ते उठले, पणजीच्या दाराशी गेले आणि म्हणाले, ‘‘बाई, पाणी द्या.’’ आणि प्याले.

आमच्या घराण्यात देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून एवढंच सांगितलं जातं. मी पुढे कॉलेजात गेले, थोडं वाचलं. कार्यकारणाची साखळी मागे नेली की पहिलं कारण लागतं, हे थॉमस अक्वायनसचं म्हणणं वाचलं. सुबक आहे. पण त्या पहिल्या कारणाने माझ्या पणजीला पाणी मागितलं असतं का, हे त्यातून कळत नाही. ख्रिस्ती माणूस मुख्यतः ‘देव आहे’ एवढंच म्हणत नाही, ‘देव असा आहे’ असं म्हणतो. खाली येऊन शेजारी बसणारा.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात येत असेल की दुष्काळात धान्यासाठी झाले हो हे लोक! हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. भूक होती हे खरंच आहे. पण धान्य संपल्यावरही पणजी मंडळीत जात राहिली. आणि आमच्या बाजूचीही काळी पानं मी झाकणार नाही. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली ते राचोलला छापलं. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. देव आपल्याशी आपल्याच शब्दांत बोलतो यावर त्या इंग्रजाची श्रद्धा होती. आणि त्याच गोव्यात इन्क्विझिशनही होतं. शिवाय जात? प्रभुभोजनाला सगळे एकाच प्याल्याला तोंड लावायचे, पण लग्न जमवायची वेळ आली की ‘आधीचे कोण?’ ही चौकशी आमच्यातही हळूच व्हायची.

नारायण वामन टिळकांचं सगळ्यांना माहीत आहे. १८९३ साली आगगाडीत एका परक्याने नवा करार हातात दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण किंमत मोजली लक्ष्मीबाईंनी, पंढरपुरात, नवऱ्यापासून दूर. पुढे त्या नगरला आल्या, आणि जात देवाने केली की माणसाने ह्याचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला. देवाने माणूस केला, जात नाही, असं ठरल्यावर त्यांनी सोवळं सोडलं. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या मागे फरपटत जाऊन नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ घरी असेल तर पुन्हा काढा. हसता हसता घसा दाटून येतो.

पण काकांनी ‘कशावरून’ विचारलंय, तेव्हा इतिहासाचंही थोडं सांगायला हवं. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आतलं आहे. त्यात पुनरुत्थित येशूला पाहिलेल्यांची यादी आहे आणि त्यांतले बरेचजण अजून हयात आहेत असं तो म्हणतो. म्हणजे जा, विचारा! शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम पाहिली ती बायकांनी. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर कुणी बायकांना पुढे केलं नसतं. हा गणितासारखा पुरावा नव्हे. मला तो पुरेसा वाटतो, तुम्हाला वाटणार नाही.

एक शेवटचं. १९९८ साली माझी थोरली बहीण गेली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. नगरहून पुण्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचं, एस. टी.ने. परतताना तिला धड बसवत नसे. मी तेव्हा इथे यिशुनमध्ये नवीन होते, पगारातून पाठवता येईल तेवढं पाठवत होते आणि रात्री प्रार्थना करत होते. पैसे कमी पडले. प्रार्थनेचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर सात-आठ महिने मी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही.

परत गेले ती काही उत्तर मिळालं म्हणून नव्हे. वधस्तंभाकडे बघताना वाटलं, ह्याने सुद्धा ओरडून ‘का’ विचारलं होतं आणि ह्यालाही वरून उत्तर आलं नव्हतं. ज्याला हे ठाऊक आहे अशा देवाशी निदान भांडता तरी येतं. मी अजून भांडते. फोनवर भाचीशी बोलले की त्या रात्री जरा जास्तच.

आजचा निधी गरजू रुग्णांच्या डायलिसिससाठी आहे हे मला सेक्रेटरीबाईंनी भाषण ठरल्यानंतर सांगितलं. त्यांना माझ्या बहिणीचं माहीत नव्हतं. पाकिटं दाराशी डाव्या हाताच्या टेबलावर आहेत, पेन ठेवलंय. काकांना अजून विचारायचं असेल तर मी चहापाशी आहे. चकल्या आजही मीच केल्यात.