बंदिछावणीचा इतिहास आणि समदृष्टि

बंदिछावणीचा इतिहास बहुधा पहारेकरी तरी लिहितो, नाहींतर कैदी तरी. अहमदनगरचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें, उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धांत तेथें जर्मन व ऑस्ट्रियन लोक अटकेंत होते. १९१७ सालीं आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनीं ती छावणी पाहिली. त्यांचा अहवाल युद्ध चालू असतांनाच लंडनमध्यें छापला गेला. एवढ्यानें तो खोटा ठरत नाहीं. पण बंदिवानांच्या जबानीशीं ताडून पाहणें अगत्याचें होतें. १९४२ सालीं तेथील किल्ल्यांत नेहरू, पटेल, आझाद बंदिवान झाले. ती हकीकत अभिमानानें सांगितली जाते. ते जर्मन मात्र विस्मृतींत गेले. १९४२ च्या सरकारी कागदांना जी कसोटी लावावयाची, तीच १९१७ च्या कागदांनाही लावली, तरच तो इतिहास. एरवीं तें वकीलपत्र होय.