नेटवर्क सुरक्षेचा श्रीगणेशा

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये लुटले गेले. तिजोरीला मात्र कोणी हातही लावला नाही. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य संगणकाकडे न जाता चोरट्यांनी मध्येच उभारलेल्या बनावट यंत्रणेकडे वळली आणि तिने पैसे देण्यास होकार दिला.

संगणकांमधील हा संवाद कसा चालतो, हे जाणणे ही नेटवर्क सुरक्षेची पहिली पायरी होय. पालक मात्र आधी महागड्या प्रमाणपत्रांची चौकशी करतात! विद्यार्थ्याने दोन जुने संगणक जोडावेत, त्यांवर लिनक्स घालावे आणि वायरशार्क हे विनामूल्य साधन चालवावे. एकातून दुसऱ्यात टेलनेटने प्रवेश केला, तर पासवर्ड अक्षर न् अक्षर वाचता येतो. एसएसएचने केला, तर निरर्थक चिन्हेच दिसतात. असे का, हे शोधताना टीसीपी/आयपीचे नियम आणि कूटलेखन ओघानेच शिकावे लागते.

प्रयोग स्वतःच्याच संगणकांवर व्हावेत. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते; हेतू अप्रामाणिक असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.